न ऐकू येणारा सांधा

कडूबानं फितीवर पांढऱ्या पेन्सिलीनं दोन खुणा केल्या, ब्लेड तिरपं धरलं आणि पहिल्या खुणेवर टेकवलं. मग उचललं. स्पूल हातानं मागंपुढं फिरवून त्यानं ती जागा हेडफोनमधून पुन्हा ऐकली. ढोलाचा ठोका, त्याच्या मागून केरबाचा आवाज, आणि त्या आवाजात एक नाव. पहिल्या ठोक्याच्या अलीकडं कापलं तर पुढच्या ठोक्याला जोड नेमका बसत होता. कामाच्या दृष्टीनं अडचण काहीच नव्हती. अडचण असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

छावणीतल्या घराच्या गच्चीवर ही खोली त्यानं बांधून घेतली होती. भिंतींना गोधड्या, गोधड्यांवर गोणपाट, दाराला जाड रजई. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून केलेल्या या बंदोबस्तात वाराही येत नसे आणि उन्हाळ्यात आत बसलेला माणूस उकडून निघे. चितेगावच्या कारखान्यातली पाळी संपवून आला की कडूबा इथं शिरायचा. शहराभोवती कारखाने वाढत होते, पहिल्यांदाच पगार हातात पडलेले लोक टेपरेकॉर्डर घेत होते, आणि टेपरेकॉर्डर म्हटला की गाणी आलीच. भजनी मंडळं, भारुडवाले, ओव्या गाणारे, सगळे कडूबाकडं यायचे. तो त्यांचं गाणं भरून घ्यायचा आणि मग त्याचं मास्टर करायचा. म्हणजे खोकले काढायचे, ढोल दाबायचा, गळा वर आणायचा, छावणीतला बिगूल मध्येच वाजला असेल तर तेवढा तुकडा उडवायचा. या मास्टरवरून गुलमंडीवरचा दुकानदार हव्या तेवढ्या कॅसेटी काढून द्यायचा. कडूबाच्या जोडकामाचं नाव होतं. कितीही कान लावा, सांधा सापडत नसे.

कॅसेटच्या वेष्टनावर तो स्वतःचं नाव मात्र ‘के. आर.’ असं छापायचा. आधीची पोरं जगली नाहीत म्हणून आईनं ठेवलेलं कडूबा हे नाव त्याला तिथं नको वाटायचं. नावाची लाज काय असते हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

काल दुपारी नानासाहेब येऊन गेले होते. नानासाहेब त्याचे सख्खे मामा, देवगाव रंगारीकडचे मोठे बागायतदार. कडूबा त्यांच्याच घरी वाढला, त्यांच्याच शब्दावर कारखान्यात लागला. त्यांच्या शिवारातल्या टेकडीवर बिरोबाचं ठाणं आहे. यंदाच्या जत्रेत केरबा धनगराच्या ओव्यांची कॅसेट निघावी, ही कल्पना त्यांचीच. जीप खाली उभी करून ते वर आले, गोधड्यांकडं बघून हसले, खुर्चीत बसले आणि मांडीवर ताल धरून ऐकू लागले. शेवटची ओवी आली.

‘इहिरीवर काट्या टाकल्या, मेंढ्या वरडून भागल्या,
पुंजारामानं पाणी शेंदलं, बिरोबाच्या मेंढ्या जगल्या.’

मांडीवरचा हात थांबला.

“बंद कर. हा पुंजाराम कोण?”

“तुमच्याकडचाच, मामा. वस्तीवरचा. आता इकडं शहरात असतो.”

“कोण ते मला माहीत आहे. तो ओवीत काय करतोय, ते विचारतोय.”

कडूबानं सांगायचा प्रयत्न केला. ओवी संपवताना, ज्याचं खाल्लं-प्यालं त्याचं नाव घ्यायचं, अशी धनगरांची रीत आहे. दुष्काळाच्या साली केरबाची मेंढरं पाण्यावाचून मरायला टेकली होती. तेव्हा पुंजारामानं आपल्या वस्तीच्या विहिरीवरून दिवसभर पाणी शेंदून त्यांना पाजलं होतं. भरताना केरबा स्वतःच म्हणाला होता, की नाव सोडलं तर ओवी देवाला पोचत नाही.

“रीत मला शिकवू नको. माझ्या रानात बसतात त्याच्या मेंढ्या,” नानासाहेब म्हणाले. “विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव काय चाललंय ते बघतोस ना? आज नाव घेतलं की बाजू घेतली, असे दिवस आहेत. भर जत्रेत कर्ण्यावर हे वाजलं, तर उद्या केरबाला कोणी बांधावर उभं करणार नाही. त्याच्याच भल्याचं सांगतो.”

नानासाहेब उठले, दारातली रजई बाजूला सारून क्षणभर थांबले.

“अन् ती काट्यांची ओळपण काढ. काट्या कोणी टाकल्या म्हणून विचारतील लोकं. सोमवारी ड्रायव्हर पाठवतो, मास्टर त्याच्याकडं दे.”

काट्या कोणी टाकल्या ते कडूबाला विचारायची गरज नव्हती. त्या साली तो शाळकरी पोर होता आणि मामांच्या वाड्यावरच राहत होता. मामांच्या विहिरीच्या तोंडावर रचलेल्या बाभळीच्या फांद्या त्यानं येताजाता पाहिल्या होत्या. काल जिन्यापर्यंत मामांना सोडायला जाताना त्या फांद्या त्याला आठवल्या, आणि तरी तोंडातून ‘बघतो’ एवढंच निघालं. मामांना ‘बघतो’ म्हणजे ‘करतो’, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता त्यानं ब्लेड पुन्हा टेकवलं आणि कापलं. दुसऱ्या खुणेवर कापलं. दोन टोकं एकमेकांना भिडवून वर चिकटपट्टी लावली, नखानं घासून बसवली. वाजवून पाहिलं. ढोल गेला, ढोल आला. मध्ये काही होतं याची शंकासुद्धा येत नव्हती. इतका सफाईदार सांधा त्याच्या हातून पूर्वी कधी झाला नव्हता. हात चांगला बसला म्हणून त्याला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचीच मग शरम वाटली.

गीता, त्याची बायको, झाडू घेऊन वर आली तेव्हा तो तुकडा फरशीवर वेटोळं होऊन पडला होता.

“हे ठेवायचंय का टाकायचं?”

“टाक.”

“काय होतं त्यात?”

“खोकला.”

गीतानं तुकडा उचलून बोटाभोवती गुंडाळला. केरबा गात होता तेव्हा ती बाहेर गच्चीवर पापड वाळत घालत बसली होती, सगळं ऐकत होती.

“केरबाबाबांना खोकला झालेला तर दिसला नाही,” ती म्हणाली आणि केर भरून खाली गेली.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवणं उरकली आणि जिन्यावर काठीचा आवाज आला. केरबा पुढं होता, खांद्यावर घोंगडं, डोक्याला लाल मुंडासं. झील धरणाऱ्या सोनाजीला मेंढरांपाशी ठेवून तो एसटीनं आला होता. पण तो एकटा आला नव्हता. त्याच्या मागं कारखान्याचा खाकी शर्ट घातलेला, कानशिलं पांढरी झालेला एक माणूस होता, आणि त्याला पाहताच, कोणी सांगायच्या आधी, कडूबाला तो कोण ते कळलं.

“ह्यो पुंजाराम,” केरबा म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सोयरिकीला आलेल्या माणसाचा आनंद होता. “चिकलठाण्याला असतो कंपनीत. त्याच्या घरी गेलो आन् म्हनलं चल, तुला तुझं नाव ऐकवतो. कडूबाराव, लावा बरं ती शेवटची ओवी.”

“नमस्कार साहेब,” पुंजाराम म्हणाला. तो दाराशीच उभा राहिला. कडूबानं खुर्ची पुढं केली, तेव्हाही आधी केरबा बसला का ते बघून मगच तो टेकला.

“सगळं अजून तयार नाही, बाबा,” कडूबा म्हणाला. “पुढच्या आठवड्यात...”

“पुढच्या हप्त्याला ह्याला सुट्टी कुठं? जेवढं झालं तेवढं ऐकवा. दंगलीत घर जळल्यापून ह्यो गावाकडं फिरकला नाय, देवा. जत्रंला बी यायचा नाय. म्हून तर हितं घिऊन आलो.”

नाही म्हणायला कडूबाला काहीही कारण सुचलं नाही. मशीनवर स्पूल चढलेलंच होतं. त्यानं बटण दाबलं.

खोलीत ढोल घुमला. केरबा स्वतःचाच आवाज ऐकून आधी लाजला, मग मान डोलवू लागला. पुंजाराम पुढं वाकून, दोन्ही हात गुडघ्यांत धरून ऐकत होता. एखादी ओळ आवडली की केरबाकडं बघून हसत होता. शेवटची ओवी सुरू झाली, तसं केरबानं बोट वर केलं.

“आता बघ. आता यील.”

ढोल गेला, ढोल आला. ओवी पुढं निघून गेली, बिरोबाचा जयजयकार झाला आणि फीत संपली. केरबाचं बोट तसंच वर राहिलं होतं.

“सुटलं वाटतं कानातून,” तो म्हणाला. “जरा मागं घ्या की.”

कडूबानं मागं घेतलं. हात मशीनवर होते म्हणून तोंड तिकडं ठेवता आलं, एवढाच काय तो आधार. फीत पुन्हा वाजली, पुन्हा ढोलावर ढोल आला. केरबानं कान पुढं केला होता, कपाळाला आठ्या घातल्या होत्या. चालत्या बैलगाडीतून काही पडलं की माणूस मागं वळून रस्ता बघतो, तसा तो मशीनकडं बघत राहिला.

“म्हंजी म्या घेतलंच नाय?”

हीच वेळ होती. एक वाक्य बोललं की झालं असतं. कडूबानं तोंड उघडलं, आणि त्याच्या कानांनी त्याचाच आवाज ऐकला.

“त्या दिवशी तुमचा घसा बसला होता, बाबा. सुटलं असेल.”

केरबाचा चेहरा उतरत गेला. इतक्या वर्षांत ओवीतलं एकही नाव त्यानं कधी गाळलं नसेल. पण समोर यंत्र होतं, आणि यंत्र कशाला खोटं बोलेल? म्हाताऱ्यानं स्वतःवरचा विश्वास सोडला, यंत्रावरचा सोडला नाही. तो खुर्चीवरून उठला, पुंजारामासमोर उभा राहिला आणि दोन्ही हातांनी त्यानं आपले कान धरले.

“पुंजारामा, चुकलो बाबा.”

“अवं, काय करायलाव!” पुंजाराम धडपडत उठला आणि त्यानं केरबाचे हात खाली घेतले. “ऱ्हाऊ द्या. नावाचं काय एवढं.”

“आसं कसं? नावापायी लोकं डोकी फोडायलेत, घरं जाळायलेत. आन् मला साधं नाव घ्यायचं सुदरंना? ज्यानं पाणी पाजलं त्याचंच इसरलो म्या. बिरोबा काय म्हनंल मला?”

त्याचा आवाज फाटला. कडूबाला वाटलं, हा माणूस आता रडेल, आणि त्याचं रडणं आपल्याला बघावं लागेल. पण केरबा रडला नाही. त्यानं मुंडाशाच्या टोकानं तोंड पुसलं आणि एकदम ताठ उभा राहिला.

“कडूबाराव, आत्ता घ्या. चालू करा यंत्र. म्या म्हनतो फिरून, ढोलाबिगर. तुमी बसवा कुठंतरी.”

कडूबानं मास्टर उतरवून डब्यात ठेवलं. कोरं स्पूल समोरच्या फळीवर होतं, नुसता हात लांबवायचा होता. पण भरून घेतलं तर जोडावं लागणार, जोडलं तर उद्या मामांच्या ड्रायव्हरच्या हाती तेच जाणार. आणि जोडलं नाही तर ते पुन्हा आपल्याच हातानं काढून टाकावं लागणार. एकदा केलं ते केलं, दुसऱ्यांदा ते त्याच्यानं होणार नव्हतं. त्यानं मायक्रोफोन केरबाच्या तोंडासमोर आणला, बटण दाबलं. मशीनवरचा लाल दिवा लागला. केरबानं घसा खाकरला, तसा काचेमागचा काटा हलला.

“हाललं की!” केरबा खूश होऊन म्हणाला.

काटा हलला की म्हाताऱ्याचं समाधान होईल, असा हिशेब कडूबानं केला होता. असला हिशेब आपण करू शकतो हे त्याला आधी माहीत नव्हतं. मशीनवर फीत चढवलेलीच नव्हती; एका बाजूला नुसता खुंटा होता, दुसऱ्या बाजूला रिकामं स्पूल, आणि ते जागचं हलत नव्हतं.

केरबानं एक हात कानामागं नेला, डोळे मिटले आणि सूर लावला.

तो भरताना जेवढं गायला होता त्याच्या किती तरी पुढं गेला. आधी दुष्काळ आला, मग काट्या आल्या, मग मेंढरांचं वरडणं आलं. पुंजाराम आला, त्याचा बाप आला, पाणी ओतून देणारी त्याची बायको लीलाबाई आली. दोरानं सोललेले हात आले. मग, जे आधी ओवीत नव्हतं ते, वस्तीवरचं जळलेलं घरही आलं. त्या घराच्या राखेवर केरबानं देवाला उभं केलं आणि विचारलं, की सगळ्यांना पाणी देणाऱ्याच्या घरावर घागरभर पाणी ओतायला तेव्हा कोणीच कसं नव्हतं. आणि मीही कुठं होतो, देवा, असं त्यानं शेवटी स्वतःलाच विचारलं. घसा म्हातारा होता, पण प्रत्येक शब्द जागेवर पडत होता. छावणीतला बिगूल वाजला नाही, खालून एक रिक्षासुद्धा गेली नाही. या खोलीत इतकं चांगलं गाणं यापूर्वी झालेलं नाही हे कडूबाच्या कानांना कळत होतं. पुन्हा होणार नाही, हेही कळत होतं. कोरं स्पूल फळीवर होतं. काटा वर जात होता, खाली येत होता, आणि भरलं मात्र काहीच जात नव्हतं.

अजूनही चढवता येईल, त्याला वाटलं. पण आता चढवलं तर इतका वेळ चढवलं नव्हतं हे दिसेल. त्याचा हात मांडीवरच राहिला.

त्यानं मान वर केली तेव्हा पुंजाराम केरबाकडं बघत नव्हता. तो मशीनकडं बघत होता. लाल दिव्याकडं नाही, काट्याकडं नाही. त्या रिकाम्या स्पूलकडं. बराच वेळ त्यानं ते पाहिलं, मग टेबलावरचं ब्लेड पाहिलं, चिकटपट्टी पाहिली. मग त्याची नजर कडूबावर आली. तिच्यात राग असता तर कडूबाला धरायला काहीतरी मिळालं असतं. पुंजाराम नुसता बघत होता, आपल्या ओळखीचं काहीतरी पुन्हा दिसल्यासारखा. कडूबानं खाली पाहिलं.

ओवी संपली. केरबानं डोळे उघडले. त्याला धाप लागली होती.

“चढलं का?”

कडूबानं बटण दाबून लाल दिवा विझवला. हो म्हणवेना, नाही म्हणवेना.

“चढलं की,” पुंजाराम म्हणाला. “म्या बघतच व्हतो. समदं चढलं.”

“लीलाबाईचं बी?”

“तिचं बी. माझ्या बापाचं बी. लई झ्याक झालं, केरबादा.”

केरबा हसला. अंगावरचं ओझं उतरल्यासारखा तो खुर्चीत बसला. गीता चहा घेऊन आली. तिघांना एकसारखे कप देताना तिनं एकदा मशीनकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं पाहिलं, आणि ट्रे घेऊन खाली गेली. केरबानं बशीत ओतून चहा प्यायला, मेंढरांच्या, पावसाच्या गोष्टी केल्या, कडूबाच्या कामाचं तोंडभरून कौतुक केलं. त्यातला एकेक शब्द कडूबाला ऐकून घ्यावा लागला.

जायला निघताना केरबा पुढं होऊन काठी टेकत जिना उतरू लागला. पुंजाराम चपला घालायला दाराशी वाकला होता. कडूबा त्याच्यामागं उभा होता. काहीतरी बोललंच पाहिजे असं त्याला वाटत होतं.

“पुंजारामजी, ते काय झालं, माझे मामा...”

“ठावं हाय मला, साहेब,” पुंजाराम हळू आवाजात म्हणाला. त्यानं मान वर केली नाही, चपलेचा पट्टा सारखा केला. “म्हातारं लई साधं हाय. त्याला कळू दिऊ नका, म्हंजी झालं.”

“पण कॅसेट निघाल्यावर तो ऐकेलच.”

“जत्रंच्या गलक्यात कर्ण्यावरचं त्याला उमगायचं नाय, आन् त्याच्यापाशी टेप कुठं हाय? त्यो माझ्याकडंच यील, कॅसेट घिऊन.” पुंजाराम उभा राहिला. खालून केरबा हाक मारत होता, जपून ये म्हणून सांगत होता, पायऱ्या अरुंद आहेत. “माझा टेप मोडलाय, म्हनून सांगतो त्याला.”

एवढं बोलून तो कडूबाकडं बघत थांबला. त्याला उत्तर हवं होतं.

“बरं,” कडूबा म्हणाला.